खांबावरची काच : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडलेल्या काचेच्या जुन्या इन्सुलेटरांबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेत तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या तारा लाकडी खांबावरून जात. तार लाकडाला टेकली की पावसात वीज खांबावाटे जमिनीत उतरते, म्हणून आडव्या फळीवर खुंट्या ठोकून त्यांवर काचेचे हे जाड कप फिरवून बसवत आणि तार त्यांच्या खाचेत बांधत. त्या लेखावर पत्रं आली, फोटो आले, आणि जवळजवळ प्रत्येकाने काचेवर उठून दिसणाऱ्या अक्षरांबद्दलच विचारलं आहे. मला फार आनंद झाला. पुण्याच्या तार ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. मोर्सची कडकट्ट ऐकत संदेश उतरवायचे, आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या तरी घरात अनर्थ होईल या धाकात वाचायचे. १४ जुलै २०१३ च्या रात्री भारतातली तार सेवा थांबली तेव्हा मी इथे, सिनसिनाटीजवळ, मुलीकडे आले होते. पुढच्याच उन्हाळ्यात ओहायो नदीकाठच्या जुन्या बाजारात पहिलं इन्सुलेटर हाती आलं. अक्षर न् अक्षर नीट पाहायची सवय तेव्हापासून पुन्हा कामाला लागली आहे.

उत्तरांआधी काही शब्द ठरवून घेऊ. सर्वांत वरचा गोल भाग म्हणजे घुमट. तार बसते ती खाच. खाचेखालचा पसरट भाग म्हणजे घेर, आणि घेराच्या आत आणखी एक घेर असेल तर त्याला इथले लोक पेटिकोट म्हणतात, आपण परकर म्हणू. तळाची कड म्हणजे बूड. आत खुंटीवर फिरवायला असतात ते आटे.

प्रश्न : आम्ही डेटनला जुनं घर घेतलं. गॅरेजमध्ये हिरवट निळं इन्सुलेटर सापडलं. पुढे "हेमिंगरे" आणि खाली "नं. ४०", मागे "पेटंट मे २ १८९३" असं आहे. म्हणजे ही वस्तू १८९३ ची आहे ना? तिची किंमत किती येईल?

उत्तर : ही चूक सगळ्यांची होते. माझीही झाली होती, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला. काचेवरची तारीख पेटंट मिळाल्याची आहे. ती वस्तू कोणत्या दिवशी ओतली हे त्यातून कळत नाही. कळतं ते एवढंच, की तिचा साचा २ मे १८९३ नंतर कोरला गेला. तो साचा पुढे पाच वर्षं चालला असेल किंवा पंधरा, आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक नगावर तीच तारीख उमटत राहिली.

या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. अक्षरं साच्याची असतात. साचा कुणी कोरला, त्यावर नंतर काय दुरुस्ती झाली, तो कुठल्या भट्टीवर होता, हे अक्षरांवरून वाचायचं. तुमच्या हातातल्या काचेचं वय त्यावरून फक्त अंदाजाने काढायचं.

आता तुमच्या तारखेकडे. ते पेटंट कशाचं होतं हे पाहायला इन्सुलेटर उलटं करा. बुडाच्या कडेवर ओळीने दाणे दिसतील. पावसाचं पाणी घेरावरून ओघळून कडेवर सलग पसरलं तर विजेला ओला रस्ता मिळतो. दाणे असले की पाणी त्यांच्या टोकाला जमून थेंबाथेंबाने गळून पडतं आणि आतला भाग कोरडा राहतो. आपल्या पागोळ्या पन्हाळीच्या पत्र्याच्या टोकावरून गळतात तसंच. हे दाणे आधी टोकदार होते, पुढे गोल झाले. टोकदार दाण्यांचे टवके लवकर उडतात. तुमचे दाणे टोकदार असतील तर साचा जुन्या काळातला समजा.

हेमिंगरेची काच कुठे तयार झाली हेही या तारखेवरून सांगता येतं. ही कंपनी १८४८ साली सिनसिनाटीत सुरू झाली, मग कारखाना नदीपलीकडे केंटकीतल्या कव्हिंग्टनला गेला. इंडियाना राज्यात नैसर्गिक वायू सापडला आणि भट्ट्यांना स्वस्त इंधन मिळू लागलं, तेव्हा १८८८ मध्ये कारखाना मन्सीला हलला. तेव्हा १८९३ ची तारीख असलेलं तुमचं इन्सुलेटर मन्सीचं. कव्हिंग्टनच्या काळातल्या साच्यांवर "डिसेंबर १९, १८७१" ही दुसरी पेटंट तारीख सापडते.

त्याची नोंद कशी करायची तेही सांगते, कारण संग्राहकांमध्ये पत्रव्यवहार याच भाषेत चालतो. जागा कंसात लिहायची आणि ओळ बदलली की तिरपी रेघ द्यायची. तुमचं इन्सुलेटर असं लिहाल : (पुढे, घेर) हेमिंगरे / नं. ४० (मागे, घेर) पेटंट / मे २ १८९३. कंपनीचं नाव असलेली बाजू पुढची मानतात. "नं." मधलं इंग्रजी ओ अक्षर वर चढवून लिहिलंय का, त्याखाली रेघ आहे की ठिपके की काहीच नाही, हेही नोंदवा. एवढ्याशा फरकावरून साचे वेगळे ओळखता येतात.

त्याच्याआधी आकाराचा क्रमांक लिहितात, त्याला सी.डी. क्रमांक म्हणतात. वुडवर्ड नावाच्या संग्राहकाने ही पद्धत बसवली. आमच्याकडे शुभेच्छांच्या तारांना ठरलेले क्रमांक असत. गिऱ्हाईकाने नुसता आकडा सांगितला की पलीकडे पूर्ण वाक्य छापलं जाई. सी.डी. क्रमांकही तसाच आहे, एका आकड्यात पूर्ण आकार येतो. पण तो फक्त आकार सांगतो. त्याच आकारात चार कंपन्यांची काच असू शकते. तुमचं नं. ४० सी.डी. १५२ या आकारात येतं. किंमत विचारलीत म्हणून सांगते, नेहमीच्या निळसर रंगात हे अगदी साधं इन्सुलेटर आहे. विकू नका, खिडकीत ठेवा.

प्रश्न : सॅन होजेच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून "ब्रुकफिल्ड / न्यूयॉर्क" असं लिहिलेलं इन्सुलेटर घेतलं. "न्यू" मधलं एन अक्षर आरशात दिसावं तसं उलटं आहे. दुकानदार म्हणाला, ही फार दुर्मीळ चूक आहे, आणि त्याने जास्त पैसे घेतले. त्याने फसवलं का?

उत्तर : उलटं एन खरंच चूक आहे. ती दुर्मीळ मात्र नाही.

साच्यात अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हाच काचेवर ते सुलट उमटतं. मी रोज तारखेचा शिक्का मारायची, त्याच्या रबरावर सगळं उलटं असे. शिक्क्याचे सुटे आकडे बसवताना नवीन माणसाकडून चूक व्हायचीच. साचा कोरणाऱ्या कारागिराचं काम त्याहून अवघड. तो लोखंडाच्या आतल्या वळणदार भिंतीवर छिन्नीने खोल अक्षर काढतो, तेही आरशातलं.

आता इंग्रजी अक्षरांकडे पाहा. ए, एच, आय, एम, ओ, टी, डब्ल्यू, वाय ही अक्षरं आरशात धरली तरी तशीच दिसतात. ती कोरताना चूक व्हायला वावच नाही. ई, के, आर उलटी काढली तर पाहताक्षणी चूक कळते. राहिलं एन. उलटं झालं तरी ते अक्षरासारखंच दिसतं, डोळ्याला खटकत नाही. दिवसभर उलटं कोरणाऱ्या माणसाने नेमकं एन सुलट कोरलं, की काचेवर ते उलटं उमटणार. एसचंही थोडंफार असंच होतं. म्हणून उलटं एन अनेक कंपन्यांच्या अनेक साच्यांत भेटतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि मला ती फार आवडते. एन अक्षर वरचं खाली असं फिरवलं तरी एनच राहतं. म्हणजे अक्षराचा पोलादी ठसा हातोडीने ठोकून साचा केला असता, तर ठसा उलटा धरूनही एन चुकलं नसतं. एनची चूक आरशातलीच असते, आणि आरशातली चूक बहुधा हाताने कोरतानाच होते. तुमच्या इन्सुलेटरवरचं ते अक्षर कुणाच्या तरी हाताचं आहे असं समजायला हरकत नाही. ठशाने झालेल्या चुका वेगळ्या दिसतात : एखादं ए डोक्यावर उभं, सहाचा नऊ, एखादं अक्षर ओळीतून खाली घसरलेलं.

चूक असलेला एक साचा मोडेपर्यंत वापरात राहिला तर त्यातून हजारो नग निघतात. म्हणून चूक असणं आणि दुर्मीळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदाराला कदाचित हे माहीत नसेल, म्हणून त्याच्या मनात काय होतं यावर मी बोलणार नाही. पुढच्या वेळी मात्र जास्त पैसे देण्याआधी एक तपासणी करा. एखादं अक्षर गायब असेल तर त्याची जागा पाहा. कारागीर अक्षर कोरायलाच विसरला असेल तर बाजूची अक्षरं एकमेकांना चिकटून येतात. अक्षर होतं पण साच्याच्या खोबणीत काजळी किंवा वंगण साचलं, तर तिथे अक्षराएवढी मोकळी जागा उरते. पहिली खरी चूक. दुसरी त्या दिवशीची मलिन साच्याची गोष्ट, संग्रहात तिला वेगळा प्रकार मानू नये असं माझं ठाम मत आहे. ईची खालची रेघ भरून गेली की ते एफ दिसतं, आणि असे कितीतरी "नवे" प्रकार बाजारात फिरत असतात.

तुम्ही कॅलिफोर्नियात आहात म्हणून आणखी एक. घेरावर "ई. सी. अँड एम. कं. एस. एफ." अशी अक्षरं कुठे दिसली तर शांतपणे दोनदा वाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या इलेक्ट्रिकल कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स कंपनीची ही १८७० च्या दशकातली काच आहे. ओबडधोबड, बुडबुड्यांनी भरलेली, आणि साच्यागणिक अक्षरांची ठेवण वेगळी. मी ती फक्त प्रदर्शनात, दुसऱ्याच्या टेबलावर पाहिली आहे. हात लावू का, असं विचारलं होतं. त्या गृहस्थांनी लावू दिला.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीचे. ब्रुकफिल्डची दोन इन्सुलेटरं आहेत. एकावर "डब्ल्यू. ब्रुकफिल्ड, ४५ क्लिफ स्ट्रीट, एन. वाय." असा पूर्ण पत्ता, दुसऱ्यावर नुसतं "ब्रुकफिल्ड". जुनं कोणतं? आणि कारखाना न्यूयॉर्कमध्ये कुठे होता?

उत्तर : जुनं पहिलं. ब्रुकफिल्डची अक्षरं लावायला सोपी पडतात, कारण कंपनीने स्वतःचा पत्ताच काचेवर छापला आणि ऑफिस हललं की नव्या साच्यांवर नवा पत्ता आला. क्रम लक्षात ठेवा : ५५ फुल्टन स्ट्रीट, मग ४५ क्लिफ स्ट्रीट, मग ८३ फुल्टन स्ट्रीट. फुल्टन दोनदा येतं, म्हणून घराचा नंबर वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. पाच आणि आठ झिजलेल्या साच्यात सारखेच दिसतात. नंतरच्या साच्यांवर पत्ता गेला आणि नुसतं "न्यूयॉर्क" राहिलं. नावातला "डब्ल्यू.", म्हणजे विल्यम, तोही गेला. आणखी काही लहान नगांवर फक्त "बी" एवढंच अक्षर असतं.

सर्वांत जुन्या साच्यांवर पत्त्याबरोबर लुई कॉव्हे यांचं नाव येतं : "कॉव्हेज पेटंट, जुलै २५, १८६५". आज आपण इन्सुलेटर उलटं करून आत आटे पाहतो ना, ते याच पेटंटचे. त्याआधी काचेच्या आत आटे नसत, कप नुसता खुंटीवर दाबून बसवत. थंडीत तार आखडली की ती कपाला वर ओढी आणि कप निघून येई. आट्यांनी हा त्रास संपला. या पेटंटचे हक्क ब्रुकफिल्डकडे गेले आणि ही कंपनी मोठी झाली. काही साच्यांवर १८६५ च्या जोडीला जानेवारी २५, १८७० आणि फेब्रुवारी २२, १८७० अशा आणखी दोन तारखा असतात. एवढ्याशा घेरावर तीन तारखा आणि पत्ता बसवायचा म्हणजे अक्षरं दाटीवाटीने येणारच. कोरणाऱ्याने ओळ कुठे मोडली, "पेटंट"चं रूप किती आखूड केलं, महिन्यापुढे टिंब दिलं की नाही, यावरून साचे ओळखतात. तुमच्याकडे कधी असं आलं तर भिंग घेऊन एक संध्याकाळ त्याला द्या.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आणि ते सांगायला मला फार बरं वाटतंय. फुल्टन आणि क्लिफ स्ट्रीट हे मॅनहॅटनमधल्या ऑफिसचे पत्ते. काच ओतली जाई ब्रुकलिनच्या बुशविक भागात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखाना न्यू जर्सीतल्या ओल्ड ब्रिजला गेला. ओल्ड ब्रिज म्हणजे तुमच्या एडिसनपासून गाडीने फार तर अर्ध्या तासावर. अक्षरं मात्र "न्यूयॉर्क"च राहिली. तेव्हा तुमचं दुसरं, नुसतं "ब्रुकफिल्ड" लिहिलेलं इन्सुलेटर कदाचित तुमच्या शेजारच्याच गावातलं असेल. अक्षरांनी सांगितलेलं गाव आणि काच ओतलेलं गाव एकच असतं असं धरून चालू नका.

प्रश्न : मी बॉल स्टेट विद्यापीठात शिकतो, म्हणजे मन्सीतच राहतो. रेल्वेच्या जुन्या मार्गाजवळच्या एका काकांनी "हेमिंगरे - ४२" भेट दिलं. मागे "मेड इन यू.एस.ए." आणि त्याखाली "१८ - ४६" आणि दोन ठिपके आहेत. हे कसलं कोडं?

उत्तर : कोडं सोपं आहे, आणि तुमच्याच गावचं. १९३३ साली ओवेन्स-इलिनॉय कंपनीने हेमिंगरे विकत घेतली. त्यानंतरच्या काळात साच्यावर दोन आकडे येऊ लागले. पहिला साच्याचा क्रमांक, दुसरा वर्षाचे शेवटचे दोन आकडे. तुमचा साचा क्रमांक १८, वर्ष १९४६. साचा पुढच्या वर्षीही वापरायचा असला की नवीन आकडा कोरण्याऐवजी शेजारी एक ठिपका देत. दोन ठिपके म्हणजे दोन वर्षं पुढे, तुमचं इन्सुलेटर १९४८ चं. पहिल्या उत्तरात मी म्हटलं की काचेवरून ओतल्याचं वर्ष कळत नाही. इथे मात्र कळतं.

ठिपके मोजताना चूक होते ती अशी : काचेतला बुडबुडा पृष्ठभागावर आला तरी ठिपक्यासारखा भासतो. नखाने चाचपा. ठिपका उठावाचा लागतो, फुटलेला बुडबुडा खळग्यासारखा.

४२ हा आकार, सी.डी. १५४, दुसऱ्या कंपन्यांनीही भरपूर काढला. व्हिटॉल टेटमचं "नं. १" याच आकाराचं आहे. न्यू जर्सीतल्या मिलव्हिलची ही कंपनी १९३८ मध्ये आर्मस्ट्राँगने घेतली, १९६९ मध्ये तीच भट्टी "कर" नावाच्या कंपनीकडे गेली, आणि काचेवरचं नाव दर वेळी बदललं. हेमिंगरेच्या काही ४२ वर अक्षरं सलग रेघेची नसून बारीक ठिपक्यांची बनलेली दिसतील. ती झिजलेली नाहीत, साच्यातच तशी केलेली आहेत. बाजारात ४२ एक-दोन डॉलरला मिळतं. पण एका गावातल्या विद्यार्थ्याला त्याच गावच्या भट्टीतली काच भेट मिळावी, याची किंमत मी डॉलरात सांगू शकत नाही.

प्रश्न : मिसिसागाहून लिहीत आहे. जांभळं इन्सुलेटर आहे, अक्षरं इतकी पुसट की "सी. पी." एवढंच वाचता येतं. ती कशी वाचायची? आणि रंग खरा का?

उत्तर : बहुधा "सी. पी. आर.", म्हणजे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे. कॅनडात रेल्वे आणि तार कंपन्या स्वतःचं नाव साच्यात कोरून घेत. ग्रेट नॉर्थ वेस्टर्न टेलिग्राफची "जी. एन. डब्ल्यू." अशीही अक्षरं सापडतात. म्हणून तुमच्याकडच्या काचेवर कारखान्याचं नाव नसलं तर गोंधळू नका. ते मालकाचं नाव आहे.

वाचण्यासाठी खोली अंधारी करा आणि टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवी धरा. समोरून उजेड टाकला तर काच उजेड पिऊन टाकते. आडव्या उजेडात उठावाची सावली पडते आणि अक्षर वर येतं. तरीही जमलं नाही तर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तेच करा. साधा कागद वळणावर बसत नाही, बटर पेपर घ्या आणि दोन्ही कडा चिकटपट्टीने ताणून लावा. मी आतल्या बाजूने तांदळाची पिठीही लावते. पारदर्शक काचेच्या मागून पांढरं आलं की पुढची अक्षरं नीट दिसतात. पिठी नंतर धुऊन टाका.

खांबावर इंजिनाच्या धुराची काजळी बसलेली असेल तर आधी साबणाच्या कोमट पाण्यात दोन दिवस भिजू द्या. कोमट म्हणजे हाताला सुखाचं. मी एका जानेवारीत गॅरेजमधून थंडगार इन्सुलेटर आणलं आणि थेट नळाच्या गरम पाण्यात धरलं. 'टक्' असा आवाज झाला आणि घुमटापासून बुडापर्यंत तडा गेला. ते १८७१ च्या तारखेचं, कव्हिंग्टनचं होतं, माझं पहिलं. त्या दिवशी मी रडले. अजून तसंच ठेवलंय, तड्यासकट. साबणाने काजळी निघाली नाही तर संग्राहक ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात विरघळवून वापरतात. ते विषारी आहे, हातमोजे घाला, आणि स्वयंपाकाचं एकही भांडं त्याला वापरू नका.

रंगाबद्दल : काच स्वच्छ पांढरी दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत, आणि ते वर्षानुवर्षांच्या उन्हात जांभळं होतं. तुमच्याकडच्या काचेत ते खरं असू शकतं. मात्र किरणांचा मारा करून साध्या काचेला गडद जांभळी करणारेही आहेत. खऱ्याचा जांभळा सहसा सौम्य असतो. अक्षरांमध्ये लबाडी करणं अवघड, रंगात सोपं, म्हणून मी खरेदी करताना रंगापेक्षा अक्षरांवर विश्वास ठेवते.

प्रश्न : (सिनसिनाटी) माझ्याकडच्या हेमिंगरेवर मागच्या बाजूला अक्षरांऐवजी खडबडीत पट्टा आहे. काच खराब निघाली का?

उत्तर : खराब नाही, तो पट्टा तळहातावर घेऊन आडव्या उजेडात पाहा. साच्यातली जुनी अक्षरं नको झाली की कारागीर ती ठोकून, बुजवून टाकत. बुजवणं पूर्ण होत नाही, खाली जुन्या अक्षरांच्या कडा राहतात. त्यांना इथे भुताची अक्षरं म्हणतात. अमेरिकेत पेटंट त्या काळी १७ वर्षं चाले. १८७१ मध्ये १७ मिळवा, १८८८ येतं, आणि त्याच वर्षी कारखाना मन्सीला हलला. पेटंट संपल्यावर जुनी तारीख साच्यात ठेवण्याला काही अर्थ उरला नव्हता. तुमच्या पट्ट्याखाली एखादं डी किंवा सातचा दांडा सापडला, तर तो १८७१ च्या तारखेचाच असण्याची शक्यता मोठी आहे. बटर पेपरवर ठसा घेऊन मला नक्की पाठवा. नोंदीत "बुजवलेली अक्षरं" असं वेगळं लिहायचं, कारण साचा तोच असला तरी त्याच्या आयुष्यातली ही दुसरी अवस्था आहे. बुजवण्याआधीचा नग आणि नंतरचा नग शेजारी ठेवता आले तर त्याहून सुंदर जोडी माझ्या मते नाही.

प्रश्न : नाशिकहून. आपल्याकडे काचेची का दिसत नाहीत? माझ्या आजोबांच्या पेटीत पांढरी चिनी मातीची दोन आहेत, त्यावरही काहीतरी खूण आहे.

उत्तर : आपल्याकडे तारा आल्या ब्रिटिश पद्धतीने, आणि त्यांचा भर चिनी मातीवर होता. रेल्वेच्या कडेने जाणाऱ्या खांबांवरचे पांढरे कप आपण सगळ्यांनी गाडीच्या खिडकीतून मोजले आहेत. मी तर घाट उतरताना मोजत असे. अमेरिकेत काच स्वस्तात, दाबाच्या यंत्रावर भराभर निघत होती, म्हणून तिथे तार आणि टेलिफोनला काच.

चिनी मातीवरची खूण वेगळ्या पद्धतीने वाचावी लागते. काचेवर अक्षर वर उठलेलं असतं. मातीवर ते बहुधा ओल्या मातीत दाबलेलं, म्हणजे खोल असतं, किंवा झिलईच्या खाली शाईने छापलेलं. खोल असेल तर पेन्सिलीने ठसा छान येतो. छापलेलं असेल तर ओल्या फडक्याने पुसा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा. खूण कुठे आहे हे लिहायला विसरू नका, घुमटावर, खाचेखाली की आतल्या बाजूला. आणि आजोबांच्या पेटीतल्या दोनांवर समाधान माना. रेल्वेच्या किंवा वीज मंडळाच्या खांबावरून, मग तो कितीही पडका दिसो, काही काढायला जाऊ नका. ती सरकारी मालमत्ता आहे, आणि पडक्या खांबावरच्या तारेत वीज नाही हे जमिनीवर उभं राहून कुणालाच सांगता येत नाही.

फोटो पाठवाल तेव्हा शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे मला मापाचा अंदाज येईल.